मळवलीच्या दगडांवरची लक्ष्मी

लक्ष्मी कशी दिसते, असं घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारून पाहा. कमळात उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, अंगावर जरीकाठी साडी आणि बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती, असं ते चटकन सांगेल. सरस्वती विचारली तर शुभ्र वस्त्र, मांडीवर वीणा, शेजारी मोर. मूल हे पोथीतून शिकलेलं नसतं, भिंतीवरून शिकलेलं असतं. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावरची तसबीर, किराणा दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेली तसबीर, दसऱ्याला शाळेत मांडलेली तसबीर. देवीला हाच चेहरा आहे आणि अनादिकाळापासून हाच होता, याविषयी आपल्या मनात शंकासुद्धा येत नाही.

पण हा चेहरा देणारा एक माणूस होता. त्याला जन्मून अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. आणि तो चेहरा घरोघरी गेला, त्या वाटेवरचं एक मोठं ठाणं आपल्या पुणे जिल्ह्यात, मावळातल्या मळवली नावाच्या छोट्याशा गावी होतं. त्या माणसाचं नाव राजा रविवर्मा.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलात, तर कामशेत सोडल्यावर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी तिथे उतरतात ती लोहगड-विसापूरसाठी. कुणी भाज्याच्या लेण्यांकडे वळतं, कुणी हमरस्ता ओलांडून कार्ल्याला, एकवीरेच्या दर्शनाला. मीही त्या स्टेशनावर अनेकदा उतरलो आहे, तो किल्ल्यांसाठी आणि लेण्यांसाठीच. हिंदुस्थानातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रकाराचा छापखाना याच परिसरात होता, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

कळलं ते एका फुटक्या काचेमुळे. घर बदलताना आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीची काच तडकली. ती बदलायला मी तसबीर फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने लाकडी पट्ट्या काढल्या, तेव्हा इतकी वर्षं पट्टीखाली दडलेली कागदाची कड उघडी पडली. तिथे इंग्रजीत बारीक अक्षरं होती : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. आजीने त्या देवीच्या साडीला कधीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. तिला ती अक्षरं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्या दृष्टीने ती लक्ष्मी होती, चित्र नव्हतं. मला मात्र त्या दिवसापासून या माणसाच्या कामाचा नाद लागला.

चोरून शिकलेली विद्या

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूरच्या घराण्यात झाला. घराणं राजघराण्याशी सोयरिकीने बांधलेलं. वडील संस्कृतचे व्यासंगी, आई उमा अंबाबाई स्वतः कवयित्री. तिने रचलेलं पार्वतीस्वयंवरावरचं काव्य पुढे रविवर्म्यांनी छापून प्रसिद्ध केलं. घरात पुराणकथांचं वाचन, कथकलीचे खेळ, संगीत. पौराणिक स्त्रीपुरुष या मुलाला शेजारीपाजारी असल्यासारखे भेटत होते. पुढे आयुष्यभर त्याने जी माणसं रंगवली, ती अशी लहानपणापासून ओळखीची होती.

मामा राजा राजवर्मा स्वतः चित्रं काढत, तंजावरी पद्धतीची. भाच्याची बोटं पाहून त्यांनीच त्याला पहिले धडे दिले आणि १८६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेलं. महाराज रसिक होते. राजवाड्यात युरोपीय चित्रांचे संग्रह होते. तिथे या मुलाने तैलरंग प्रथम पाहिले.

तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. रंग तेलात कालवायचा, तो सावकाश वाळतो, म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा काम करता येतं. गालाची गोलाई, रेशमाची चमक, मोत्याचा ओलसर उजेड त्यातून साधतो. हे शिकवणारं मात्र कुणी नव्हतं. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना तंत्र येत होतं, पण त्यांनी शिकवायचं साफ नाकारलं. त्यांच्याच एका शिष्याने लपूनछपून थोडं दाखवलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा विलायती चित्रकार महाराजांची चित्रं काढायला आला. त्यानेही शिकवलं नाही. आपण काम करताना बाजूला उभं राहून पाहायची परवानगी मात्र दिली. वीस वर्षांचा हा तरुण उभा राहिला आणि पाहत राहिला. बाकीचं त्याने चुकतमाकत, खोडत, पुन्हा काढत स्वतः मिळवलं.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांच्या घरात विद्या अशीच जपली जाई. बाप मुलाला देईल, परक्याला दाखवणार नाही. ज्याला विद्या मिळवताना इतके दरवाजे बंद आढळले, त्याच माणसाने पुढे आपलं काम हजारो अनोळखी घरांसाठी खुलं केलं. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

महालातून महालात

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात रविवर्म्यांच्या एका चित्राला गव्हर्नरांचं सुवर्णपदक मिळालं. केसांत मोगऱ्याचा गजरा माळणारी नायर स्त्री, एवढाच विषय. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा गौरव झाला. पुढे त्यांच्या पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचं चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी घेतलं आणि मोनिअर विल्यम्स या पंडिताने आपल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरात तेच मुखचित्र म्हणून छापलं. नाव देशभर झालं. चित्रांच्या मागण्यांची पत्रं इतकी येऊ लागली, की किलिमानूरसारख्या गावाला त्यासाठी टपालकचेरी मिळाली, असं सांगतात.

१८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले. नव्या महाराजांशी रविवर्म्यांचं सूत जुळलं नाही. दुसरा कुणी असता तर रुसून घरी बसला असता. यांनी रंगांच्या पेट्या उचलल्या आणि बाहेर पडले. सोबत धाकटा भाऊ, सी. राजराजवर्मा. या भावाविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. तो स्वतः उत्तम चित्रकार होता, विशेषतः निसर्गदृश्यांत. थोरल्याच्या कित्येक चित्रांतली मागची झाडं, पाणी, आकाश त्याच्या हातची आहेत. पत्रव्यवहार, प्रवासाची व्यवस्था, पैशांची बोलणी तोच पाही. शिवाय तो रोजनिशी लिहीत असे. आज या भावांच्या कामाच्या दिवसांविषयी आपल्याला जे खात्रीने ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्या रोजनिशीमुळे.

१८८१ मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास हे दोघे भाऊ तिथे पोहोचले आणि मराठी मुलखाशी त्यांचा धागा जुळला. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा मुलगा, दत्तक जाऊन राजा झालेला. त्यांनी १८८८ मध्ये रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम सांगितलं. रामायण-महाभारतातले प्रसंग, लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी.

काम मोठं होतं, आणि त्यात एक अडचण होती. सीता नेसायची तरी काय? दमयंतीचे दागिने कोणते? केरळची मुंडू नेसवावी तर उत्तरेकडच्या माणसाला ती परकी वाटेल. उत्तरेचा घागरा द्यावा तर दक्षिणेला पटणार नाही. याचं उत्तर शोधायला दोघे भाऊ हिंदुस्थानभर हिंडले. देवळं, जत्रा, लेणी, दरबार पाहिले. अखेर त्यांच्या मनात बसली ती साडी, आणि त्यांच्या अनेक पौराणिक नायिका तर सरळ आपल्या नऊवारीत आहेत. मराठी संगीत रंगभूमी तेव्हा भरात होती. तिच्यातल्या उभं राहण्याच्या, वळून पाहण्याच्या, हात उचलण्याच्या लकबी त्यांच्या चित्रांत ओळखू येतात. त्यांची शकुंतला मराठी माणसाला घरातली वाटते, त्याचं एक कारण हे आहे.

१८९० च्या सुमारास ती चौदा चित्रं पूर्ण झाली आणि राजवाड्यात बंद होण्याआधी लोकांना दाखवण्यात आली. माणसांची रीघ लागली. चित्रांची छायाचित्रं हातोहात खपली. पण छायाचित्र म्हणजे तेव्हा काळंपांढरं. देवाचा रंग त्यात कुठून यायचा?

तेलपाण्याचं वैर

याच्या कितीतरी आधी, १८८४ मध्ये, त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पत्राने एक सल्ला दिला होता. तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे, की दोन हातांनी ती पुरी होणार नाही. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून रंगीत छापून घ्या, असा त्याचा आशय. रविवर्म्यांनी दहा वर्षं तो मनात घोळवला. मग परदेशी छापून आणण्याऐवजी छापखानाच इथे काढला. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात, गोवर्धनदास खटाव माखनजी यांच्या भागीदारीत, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणून. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

अशी छपाई करणारे ते पहिले नव्हते, हे मराठी वाचकाने विसरू नये. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेली चित्रशाळा १८७८ पासून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं छापत होती. रविवर्म्यांचं वेगळेपण असं, की तैलचित्रातली ती मऊ सावली, तो कांतीचा उजेड कागदावर जसाच्या तसा उतरावा, हा त्यांचा हट्ट होता.

तो हट्ट किती अवघड, हे समजायचं तर ही छपाई कशी चाले ते पाहावं लागेल. तिचं सगळं रहस्य तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे, आणि ते वैर स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात एक विशिष्ट चुनखडीचा दगड मिळतो. तो घासून आरशासारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. मग दगड पाण्याने ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी धरत नाही. बाकी दगड पाणी पितो. आता शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघेवर चिकटते, ओल्या भागावर नाही. वर कागद दाबला की चित्र उमटलं.

एका रंगाला हे असं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, कांतीचा पिवळसर तिसऱ्यावर, सावलीचा करडा चौथ्यावर. मूळ चित्र पाहून कोणता रंग कुठे किती आहे हे नुसत्या नजरेने सोडवायचं आणि बारीक बारीक ठिपक्यांनी प्रत्येक दगडावर उतरवायचं. तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा जायचा, आणि प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी बसायचा. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जातील. शेवटी वर रोगणाचा हात, म्हणजे तैलचित्राची झळाळी येई.

त्यात कागद म्हणजे जिवंत वस्तू. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. मावळातला आषाढ-श्रावण ज्यांनी काढला आहे, ज्यांच्या घरी तिथे कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत आणि पापडाला ओल सुटते, त्यांना या कारागिरांच्या कपाळावरच्या आठ्या सहज डोळ्यांपुढे येतील.

प्लेग, कर्ज आणि मळवली

गिरगावातला छापखाना मळवलीला का आला? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. शहर ओस पडू लागलं. कामगार गावाकडे पळाले. दूरदेशाहून आणलेली यंत्रं माणसांवाचून अडली. त्यातच भागीदारीत बेबनाव झाला आणि ती मोडली. धंद्याचा भार या दोन चित्रकार भावांवर पडला. १८९९ मध्ये छापखाना मुंबईतून हलवून मळवलीला नेण्यात आला.

जागा विचार करून निवडलेली दिसते. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला होता. त्यामुळे जड यंत्रं आणि दगड आगगाडीने आणता येत, आणि छापलेला माल मुंबई-पुण्याला सहज पाठवता येई. हवा थंड, वस्ती विरळ, पाणी मुबलक. जिथे मावळे आणि घाटमाथा एवढ्यावरच नाव होतं, त्या मुलखात जर्मन तंत्रज्ञ, केरळचे चित्रकार आणि मराठी कामगार एका छपराखाली आले. शिवाजी महाराजांचं चित्रही या छापखान्याच्या चित्रांत होतं. लोहगडाच्या पायथ्याशी त्याहून उचित काय असणार?

रविवर्मा मळवलीत कायमचे राहिले नाहीत. संस्थानिकांच्या मागण्या पुऱ्या करत ते गावोगाव फिरत. इकडे येऊन काम पाहत, पुन्हा निघत. आणि इथेच सगळी अडचण होती. चित्र काढायला लागते ती एकाग्रता, आणि छापखान्याला लागतो रोजचा पहारा. कागदाचा भाव, कामगारांचे पगार, विक्रेत्यांकडची थकबाकी, यांच्याकडे पाहायचं की कॅनव्हासकडे? राजवाड्यांतून मिळालेला पैसा मळवलीच्या यंत्रांत जिरू लागला. ज्या भावाने निसर्गदृश्यं काढायची, तो हिशेबाच्या वह्यांत अडकला.

त्यात बाजारात नकला सुरू झाल्या. यांचं चित्र पाहून दुसरा कुणी छापायचा, स्वस्तात विकायचा. गिऱ्हाइकाला काय, लक्ष्मी ती लक्ष्मी. शेवटी विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांत रविवर्म्यांनी छापखाना विकून टाकला. घेतला तो त्यांच्याच पदरी असलेल्या फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने. नुसती यंत्रं आणि दगड गेले नाहीत, स्वतःची कितीतरी चित्रं छापण्याचा हक्कही त्यासोबत गेला.

रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला या चित्रकाराचं एक रंगतदार रूप परिचयाचं आहे. ती कादंबरी आहे आणि तिने कादंबरीचं काम केलं. पण मला स्वतःला जास्त नाट्य दिसतं ते या विक्रीत. पन्नाशी ओलांडलेला, देशभर मान असलेला कलावंत आपल्या हातांनी काढलेल्या देवीवरचा हक्क सही करून दुसऱ्याला देतो. त्यानंतर त्याच्याच नावाने लाखो चित्रं छापली जाणार असतात. खाली नाव त्याचं, नफा-नुकसान दुसऱ्याचं.

शेवटची वर्षं

पुढे मान मिळत राहिला. १९०४ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं आणि त्या निमित्ताने 'राजा' हा शब्द त्यांच्या नावामागे कायमचा बसला. म्हैसूरच्या महाराजांसाठी पौराणिक चित्रांची आणखी एक मालिका त्यांनी हाती घेतली. पण जानेवारी १९०५ मध्ये राजराजवर्मा गेला. पंचवीस वर्षं ज्याच्याशिवाय एक प्रवास झाला नाही, तो धाकटा भाऊ आधी गेला. पत्नी भागीरथीबाई १८९१ मध्येच गेली होती. म्हैसूरची चित्रं रविवर्म्यांनी पुरी केली. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मळवलीतली यंत्रं मात्र फिरत राहिली. श्लायशर धंद्यात मुरलेला होता. त्याने देवांच्या चित्रांबरोबर जाहिराती, दिनदर्शिका, लेबलं छापायला घेतली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या आपल्या चित्रकारांची चित्रंही रविवर्मा प्रेसने छापली. धुंडिराज गोविंद फाळके यांनीही लोणावळ्याच्या या छापखान्यासाठी काम केलं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे तेच दादासाहेब. चित्रातले देव घरोघरी पोहोचवता येतात हे त्यांनी इथे पाहिलं, आणि पुढे त्या देवांना पडद्यावर चालतं केलं. १९७२ मध्ये आगीत हा छापखाना जळाला. कितीतरी छापील चित्रंही त्यात गेली.

हिशेब कुणाचा?

रविवर्म्यांवर टीका खूप झाली. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांच्यासारख्यांनी त्यांची चित्रं नाटकी आणि विलायती वळणाची ठरवली. बंगालच्या नव्या चित्रकारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. कॅलेंडरवाला चित्रकार हा शब्द तर शिवीसारखा वापरला गेला. पुढे वारं बदललं. १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आणि १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं.

टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काही चित्रांतले अभिनय भडक आहेत. शिवाय एक नुकसान खरोखरच झालं. गावोगावच्या चितारी घराण्यांचे, प्रत्येक मुलखाचे देवीचे वेगवेगळे चेहरे होते. काही काळ्या, काही तांदळा, काही मोठ्या डोळ्यांच्या. छापील लक्ष्मी आली आणि हे चेहरे हळूहळू मागे सरले. मावळातल्या एका कुंभाराच्या ओसरीवर मी गौरींचे मुखवटे रंगताना पाहिले आहेत. समोरच्या खांबाला एक जुनं कॅलेंडर खिळ्याने ठोकलेलं होतं, त्यावर याच वळणाची लक्ष्मी. मातीतून त्याच्या बोटांखाली येणाऱ्या भुवया त्या कॅलेंडरातल्या होत्या. त्याच्या आज्याच्या हातची गौर निराळी दिसे, असं तोच सांगत होता, आणि तसा साचा आता घरात उरला नव्हता.

पण दुसऱ्या पारड्यातही काही आहे. त्या काळी देवळाचा उंबरा ओलांडायची मुभा सर्वांना नव्हती. मूर्ती घडवून घ्यायची तर ऐपत लागे, चितारी बोलवायचा तर दाम लागत. राजवाड्यातली चित्रं पाहायला तर दरबारी ओळख हवी. कागदाच्या चित्राला यातलं काही लागत नव्हतं. थोडे पैसे आणि भिंतीवर एक खिळा पुरे. चाळीतल्या खोलीत, गिरणी कामगाराच्या घरात, ज्याला गाभारा बंद होता त्याच्या झोपडीत देवी आली, ती समोरासमोर. पुजारी मध्ये नव्हता. हे घडवायचं ठरवून रविवर्म्यांनी छापखाना काढला, असा दावा करण्याचं कारण नाही. त्यांना चित्रं खपायला हवी होती, यात शंका नाही. पण काही कामं करणाऱ्याच्या हेतूपेक्षा मोठी होऊन बसतात.

मळवलीच्या डोंगरांना ही गोष्ट नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर आणि भिंतींवर दानकर्त्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात व्यापारी आहेत, यवन आहेत, दरवाजा दान देणारा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि तो घडवणारा एक सुतारही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरात राजाश्रयाइतकाच सामान्य माणसांचा पैसा आणि हात दगडाला लागले, म्हणून ते लेणं उभं राहिलं. त्याच डोंगरांच्या कुशीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या दगडांवर वेगळ्या देवता उमटल्या. या वेळी दगड सात समुद्रांपलीकडून आले होते, आणि लेणं डोंगरात न राहता घरोघरी गेलं.

धंद्याच्या वहीत मळवलीचा छापखाना रविवर्म्यांना तोट्यात गेला. पैसा गेला, हक्क गेला, भावाची उमेदीची वर्षं गेली. महालांतल्या मूळ चित्रांनी त्यांना कीर्ती दिली, पण ती चित्रं आजही ज्यांना तिथवर जाता येतं तेच पाहतात. दिवाळीच्या संध्याकाळी ज्या लक्ष्मीपुढे गरिबाच्या घरी पणती लागते, ती मात्र त्या तोट्यातल्या कामातून आलेली आहे. तिच्यापुढे हात जोडणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना चित्रकाराचं नाव ठाऊक नसतं. कलावंताचं काम लोकांत इतकं मिसळून गेलं, की त्याची सही शोधावी लागते. मळवलीचा हिशेब मांडायचा तर ही जमाही त्यात धरावी लागेल, आणि मला वाटतं, तोट्यापेक्षा ती मोठी आहे.